त्रुटी हाताळणारा कोडच फसतो तेव्हा

मेमरी संपल्यामुळे एखादी मागणी नाकारली जाते. प्रोग्रॅम त्याची नोंद करण्यासाठी लॉगचे फंक्शन बोलावतो, ते फंक्शन संदेश जुळवण्यासाठी पुन्हा मेमरी मागते, तीही नाकारली जाते आणि त्या नकाराची नोंद करण्यासाठी लॉगचे तेच फंक्शन पुन्हा बोलावले जाते. काही क्षणांत स्टॅक (फंक्शन कॉलसाठी राखलेली मेमरी) भरतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. मागे राहिलेल्या कोअर फाइलमध्ये (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) एकाच फंक्शनच्या हजारो फ्रेम (प्रत्येक कॉलची स्टॅकवरील नोंद) एकावर एक रचलेल्या दिसतात, आणि पहिली मागणी कोणी केली होती व ती का नाकारली गेली, हे त्या ढिगाच्या तळाशी शोधावे लागते.

सी किंवा सी++ मध्ये, लिनक्ससारख्या पॉझिक्स (युनिक्ससदृश प्रणालींचे मानक) प्रणालीवर नुकतेच काम सुरू केलेल्यांसाठी हा लेख आहे. सिग्नल हँडलर (प्रणालीने पाठवलेल्या सिग्नलवर चालणारे फंक्शन), मेमरी न मिळाल्यास चालणारा कोड, प्रोग्रॅम थांबवणारे घातक-त्रुटी फंक्शन आणि अर्धवट काम आवरणारा कोड, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. पुढच्या सर्व पायऱ्या एकाच नियमातून निघतात: त्रुटी हाताळणाऱ्या कोडच्या गरजा, ज्या कोडमध्ये त्रुटी घडली त्याच्या गरजांपेक्षा कमी असल्या पाहिजेत, आणि हाताळणी करतानाही अपयश आले तर त्या पुढच्या पातळीच्या गरजा आणखी कमी असल्या पाहिजेत. स्वतःलाच बोलावणारे रिकर्सिव्ह फंक्शन प्रत्येक वेळी लहान होत जाणाऱ्या प्रश्नावर चालले तरच संपते, हे आपण शिकलेलो असतोच. येथे लहान होत जायला हव्यात त्या गरजा.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच गृहीत धरला आहे. एक्स-८६ प्रोसेसरवर एका अपवादाचा (सूचना चालवताना उद्भवलेल्या त्रुटीचा) हँडलर सुरू करतानाच दुसरा गंभीर अपवाद घडला, तर ‘डबल फॉल्ट’ हा वेगळा, ८ क्रमांकाचा अपवाद उठतो. त्याचा हँडलरही सुरू होऊ शकला नाही तर ‘ट्रिपल फॉल्ट’ होतो आणि प्रोसेसर काम बंद करतो, ज्यावर नेहमीचा संगणक रीसेट होतो. चौथी पातळी नाही. आर्म कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलरवर हार्डफॉल्टच्या हँडलरमध्येच पुन्हा फॉल्ट झाला की प्रोसेसर ‘लॉकअप’ अवस्थेत जातो आणि रीसेट होईपर्यंत बहुधा तेथेच राहतो. पातळ्यांची संख्या ठरलेली आणि शेवटच्या पातळीवर कोणताही कोड चालवण्याची गरज नाही, ही रचना सॉफ्टवेअरमध्येही जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे.

पायरी १: हँडलरला काय काय लागते, ते लिहून काढा

कोडला हात लावण्याआधी प्रत्येक हँडलरसमोर त्याच्या गरजांची यादी लिहावी. हीप (मागणीनुसार मिळणारी मेमरी), स्टॅकवरील जागा, लॉक (एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप), फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक), डिस्कवरील जागा, नेटवर्क, डायनॅमिक लोडर (चालू प्रोग्रॅममध्ये लायब्ररी लोड करणारा भाग) या सगळ्यांचा विचार त्यात यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण बहुतेक दोष येथेच सापडतात, कारण गरजा सहसा उघड दिसत नाहीत.

नोंदीच्या ओळीत वेळ छापण्याचे उदाहरण घ्या. त्यासाठी लोकलटाइम बोलावले जाते. ते फंक्शन टाइमझोनच्या माहितीसाठी लॉक घेते, आणि ती माहिती आधी वाचलेली नसेल तर फाइल उघडून वाचते व मेमरीही मागू शकते. म्हणजे केवळ घड्याळातली वेळ लिहिण्यासाठी हँडलर हीप, लॉक आणि फाइल प्रणाली या तिन्हींवर अवलंबून राहिला. मेमरी देणाऱ्या मॅलॉकचीही तीच कथा आहे: ते हीपचे लॉक घेऊ शकते, आणि नेमके ते लॉक हातात असतानाच सिग्नल आला असेल तर मॅलॉक बोलावणारा हँडलर स्वतःच्याच थ्रेडची (प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्याची) वाट पाहत कायमचा अडकू शकतो. येथे स्टॅक भरत नाही आणि कोअर फाइलही मिळत नाही. प्रोग्रॅम फक्त गप्प होतो. माझ्या मते कोसळण्यापेक्षा हे अपयश वाईट, कारण कोसळलेला प्रोग्रॅम निदान पुन्हा सुरू तरी करता येतो.

स्टॅकचा माग काढणारे बॅकट्रेस हे फंक्शन तर खास सापळा आहे. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरील सीची नेहमीची लायब्ररी) ते पहिल्यांदा बोलावले गेले की लिबजीसीसी ही लायब्ररी त्या क्षणी लोड होऊ शकते, आणि लोड करताना सहसा मॅलॉक बोलावले जाते. हीप बिघडल्यामुळेच आपण हँडलरमध्ये आलो असू, तर हा मार्ग थेट त्याच बिघाडात परत नेतो. उपाय साधा आहे: प्रोग्रॅम सुरू होतानाच बॅकट्रेस एकदा बोलावून ठेवावे, आणि मागातील नावे छापताना मेमरी मागणाऱ्या बॅकट्रेस-सिम्बॉल्सऐवजी थेट डिस्क्रिप्टरवर लिहिणारे त्याचे ‘एफडी’ रूप वापरावे.

सिग्नल हँडलरमधून कोणती फंक्शन बोलावणे सुरक्षित आहे, याची यादी पॉझिक्सने दिलेली आहे. लिनक्सवर ती ‘सिग्नल-सेफ्टी’ या मॅन्युअल पानावर सापडते. राइट, अंडरस्कोर-एक्झिट, अबॉर्ट, सिगअ‍ॅक्शन, अलार्म ही त्यात आहेत. मॅलॉक, फ्री, प्रिंटएफ, एसएनप्रिंटएफ, सिसलॉग आणि साधे एक्झिट त्यात नाहीत. आपल्या हँडलरमधील प्रत्येक कॉल या यादीशी ताडून पाहावा, आणि यादीत नसलेले काहीही, कितीही निरुपद्रवी वाटले तरी, काढून टाकावे.

पायरी २: दारावर पहारा ठेवा

गरजा कितीही कमी केल्या तरी हँडलरमध्ये चूक राहू शकते, म्हणून ‘आपण आधीच आत आहोत का’ हा प्रश्न विचारणारा पहारा हवाच. बहुतेक नवशिके त्यासाठी एक साधा बूलियन (हो-नाही चल) ठेवतात. एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये तो कसाबसा चालतो. थ्रेड अनेक असतील तर त्याने प्रश्न सुटत नाही, कारण हँडलरमध्ये येणाऱ्याच्या तीन वेगवेगळ्या परिस्थिती असतात आणि तिन्हींना वेगळे उत्तर द्यावे लागते.

पहिल्यांदाच आत येणाऱ्या थ्रेडने पूर्ण अहवाल लिहावा. तोच थ्रेड पुन्हा आत आला, तर अहवाल लिहिणारा कोडच फसला आहे असा अर्थ होतो. तेव्हा आधीच तयार असलेली एक ठरावीक ओळ राइटने लिहून पुढे जावे, आणि तिसऱ्यांदा आल्यास काहीही न लिहिता अंडरस्कोर-एक्झिटने संपवावे. दुसराच थ्रेड आत आला तर मात्र हे रिकर्शन नव्हे. दोन थ्रेड एकाच वेळी फसले एवढेच. अशा थ्रेडने पहिल्याचा अहवाल तोडू नये आणि प्रोसेस बंदही करू नये. त्याने स्वस्थ थांबावे.

म्हणून बूलियनऐवजी दोन गोष्टी ठेवाव्यात: सध्या हँडलर कोणत्या थ्रेडच्या ताब्यात आहे तो क्रमांक, आणि पातळी मोजणारा आकडा. ताबा अ‍ॅटॉमिक (मध्ये खंड न पडणाऱ्या) तुलना-आणि-अदलाबदलीने घ्यावा. आधी वाचून मग लिहिणे हे दोन टप्पे वेगळे ठेवले तर त्यांच्या फटीतून दुसरा थ्रेड शिरतो. लिनक्स कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) पॅनिक हे घातक-त्रुटी फंक्शन याच पद्धतीने चालते: पॅनिक सुरू करणाऱ्या सीपीयूचा क्रमांक ते अ‍ॅटॉमिक पद्धतीने नोंदवते, तोच सीपीयू पुन्हा आला तर त्याला पुढे जाऊ देते आणि दुसरा आला तर त्याला जागीच थांबवते. एक्स-८६ वरील ‘ऊप्स’ (कर्नलमधील गंभीर त्रुटी) हाताळणाऱ्या कोडमध्येही अशीच तपासणी आहे, आणि आतल्या आत पुन्हा ऊप्स झाल्याच्या जागी कर्नलकारांनी ‘कधीतरी थांबेल’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली आहे. हा आशावाद त्यांना परवडतो; आपण पातळी मोजलेली बरी.

पहारा बसवताना तीन बारकावे सांभाळावेत. पातळीचा आकडा हँडलरच्या अगदी पहिल्या कामात वाढवावा, अहवालाची तयारी झाल्यावर नव्हे. अहवाल पूर्ण झाला तरी तो शून्यावर आणू नये, कारण घातक त्रुटीनंतर परतीचा रस्ता नसतो. तिसरी बाब थोडी आडवळणाची आहे: हा आकडा थ्रेड-लोकल चलात ठेवण्याचा मोह होतो, पण डायनॅमिक लायब्ररीतील थ्रेड-लोकल चलाला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा त्याच्यासाठी मेमरी मागितली जाऊ शकते. साधे स्टॅटिक अ‍ॅटॉमिक चल हाच सुरक्षित मार्ग होय.

थांबलेल्या थ्रेडचा एक प्रश्न उरतो. पहिला थ्रेडच अहवाल लिहिताना कुठे अडकला तर सगळी प्रोसेस लटकेल. यावर स्वस्त तोडगा असा, की हँडलरमध्ये शिरताच सिगअलार्मची (अलार्मची वेळ संपल्यावर येणाऱ्या सिग्नलची) कृती मूळ स्थितीवर आणावी, तो सिग्नल अडवलेला नाही याची खात्री करावी आणि काही सेकंदांचा अलार्म लावावा. अहवाल वेळेत संपला नाही तर कर्नल स्वतःच प्रोसेस संपवतो, आणि त्यासाठी आपल्या एकाही ओळीवर अवलंबून राहावे लागत नाही.

पायरी ३: हँडलरला स्वतःचा स्टॅक द्या

स्टॅक भरल्यामुळे सिगसेगव्ह (अवैध मेमरीला हात लागल्याचा सिग्नल) आला असेल, तर त्याच स्टॅकवर हँडलर चालवायला जागाच नसते. कर्नलला हँडलरची फ्रेम तेथे मांडता येत नाही आणि प्रोसेस तत्काळ मारली जाते. म्हणून सिगऑल्टस्टॅकने वेगळा स्टॅक नोंदवावा आणि सिगअ‍ॅक्शनमध्ये एसए-ऑनस्टॅक हा फ्लॅग द्यावा. ही नोंद प्रत्येक थ्रेडसाठी स्वतंत्र असते. मुख्य थ्रेडने केलेली नोंद नवीन थ्रेडला मिळत नाही, हे हमखास विसरले जाते.

आकाराबाबतही जुनी गृहीतके सोडावीत. लिनक्सवर एक्स-८६ साठी किमान आकाराचा स्थिरांक २०४८ बाइट होता. एव्हीएक्स-५१२ या प्रोसेसर-सूचनांच्या संचाचे रुंद रजिस्टर आल्यावर केवळ सिग्नलची फ्रेमच त्याहून मोठी होऊ शकते. जीलिबसी २.३४ पासून हे आकार स्थिरांक असतीलच असे धरता येत नाही. ते प्रणालीच्या मर्यादा सांगणाऱ्या सिसकॉन्फला विचारून घ्यावेत. मी त्या आकड्यावर विसंबून न राहता ६४ किलोबाइट एममॅपने (थेट कर्नलकडून मेमरी घेणारे फंक्शन) घेण्याचा आणि त्याच्या खालच्या टोकाला वाचता-लिहिता न येणारे एक पान ठेवण्याचा सल्ला देईन. ते पान नसेल तर हँडलरचा स्टॅक भरल्यावर तो शेजारची मेमरी गुपचूप पुसत जातो.

एसए-नोडिफर हा फ्लॅग येथे टाळावा. तो नसताना हँडलर चालू असेपर्यंत तोच सिग्नल अडवलेला असतो, आणि अडवलेला सिगसेगव्ह खऱ्या मेमरी-दोषामुळे पुन्हा उठला तर लिनक्स कर्नल प्रोसेस तेथेच संपवतो. म्हणजे दुसऱ्या पातळीची हमी फुकटात मिळते. मात्र अशा वेळी पायरी २ मधली ठरावीक ओळ लिहिण्याची संधी मिळत नाही. ती इतर मार्गांनी झालेल्या पुनःप्रवेशासाठीच उपयोगी पडते. एसए-रीसेटहँड दिला तर हँडलर सुरू होतानाच सिग्नलची कृती मूळ स्थितीवर जाते. एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये ते पुरेसे असते, पण अनेक थ्रेड असताना पहिला अहवाल लिहीत असतानाच दुसरा थ्रेड फसला तर तो सगळी प्रोसेस घेऊन जातो.

अहवाल लिहून झाल्यावर कृती मूळ स्थितीवर आणून हँडलरमधून सरळ परतावे. खरा मेमरी-दोष असेल तर तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा फसते आणि कोअर फाइलमध्ये नेमकी तीच जागा नोंदली जाते. सिग्नल बाहेरून किलने पाठवलेला असेल तर असे घडणार नाही. तो फरक सिग्नलसोबत येणाऱ्या एसआय-कोडवरून ओळखून त्या वेळी सिग्नल स्वतःच पुन्हा उठवावा.

पायरी ४: लागणारे सर्व आधीच ताब्यात घ्या

अहवालाचा बफर स्टॅटिक असावा, अहवालाची फाइल प्रोग्रॅम सुरू होतानाच उघडून ठेवावी आणि आवृत्ती, प्रोसेस क्रमांक यांसारखा न बदलणारा मजकूर तेव्हाच जुळवून ठेवावा. जीसीसीची सी++ लायब्ररी हेच करते: मेमरी संपल्याचा अपवाद फेकण्यासाठीही मेमरी लागते, म्हणून ती सुरुवातीलाच राखीव साठा बाजूला काढते. जावाच्या हॉटस्पॉट या आभासी यंत्रातही मेमरी संपल्याचे एरर ऑब्जेक्ट आधीच तयार करून ठेवलेले असतात.

पायरी ५: अहवाल लिहिताना आलेल्या अपयशाचा अहवाल देऊ नका

हँडलरमधून लिहायचे ते राइटने. राइट कधी मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहिते, कधी सिग्नलमुळे मध्येच परतते, आणि डिस्क भरली असेल तर नकार देते. उरलेले बाइट पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न करावा, पण प्रयत्नांची संख्या ठरलेली असावी. ‘यश येईपर्यंत’ अशी लूप हँडलरमध्ये कधीही नसावी. मर्यादा संपली की पुढच्या कामाला लागावे. पाइपचे दुसरे टोक बंद असेल तर लिहिण्याच्या प्रयत्नातून सिगपाइप उठतो आणि अहवाल अर्धवट असतानाच प्रोसेस मरते, म्हणून तो सिग्नल आधीच दुर्लक्षित करून ठेवावा. आकडे छापण्यासाठी सोळाच्या पायात अंक काढणारे दहा-बारा ओळींचे स्वतःचे फंक्शन पुरते.

जे हँडलर परत जातात, त्यांनी एरनो (शेवटच्या त्रुटीचा क्रमांक) सुरुवातीला साठवून शेवटी पूर्ववत करावा. हे केले नाही तर हँडलरने बदललेला एरनो मूळ कोड वाचतो, भलत्याच कारणावर निर्णय घेतो, आणि ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

नेटवर्कवरून लॉग पाठवणाऱ्या कोडलाही हाच नियम लागू पडतो. जोडणी तुटल्याची नोंद त्याच जोडणीवरून पाठवण्याचा प्रयत्न होता कामा नये. गाळलेल्या नोंदींचा फक्त आकडा ठेवावा आणि जोडणी सुरळीत झाल्यावर ‘इतक्या नोंदी गाळल्या’ अशी एकच ओळ पाठवावी.

पायरी ६: आवराआवरीचा कोड अपयशी ठरू शकणार नाही असा लिहा

सीमध्ये सर्व पॉइंटर सुरुवातीला शून्य ठेवून, घेतलेल्या गोष्टी उलट क्रमाने सोडणारा एकच शेवटचा भाग लिहिण्याची पद्धत चांगली आहे, कारण शून्य पॉइंटरवर फ्री बोलावणे निर्धोक असते आणि किती टप्पे पार पडले होते हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. या भागातील फंक्शनने त्रुटी परत करून पुन्हा त्याच भागाकडे उडी मारायला लावू नये. क्लोजसारखे काही फसले, तर ते नोंदवून पुढच्या ओळीवर जावे.

सी++११ पासून डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारे फंक्शन) गृहीतानेच ‘नोएक्सेप्ट’, म्हणजे अपवाद बाहेर न सोडणारा, असतो. त्यातून अपवाद बाहेर पडला तर प्रोग्रॅम टर्मिनेट होतो. रस्ट भाषेत एका पॅनिकची आवराआवर चालू असताना ड्रॉपमधून (तिथल्या डिस्ट्रक्टरमधून) दुसरे पॅनिक बाहेर पडले तर प्रोसेस अबॉर्ट होते. या दोन्ही भाषांनी दुसऱ्या पातळीवर माघार घेण्यापेक्षा थांबणे पसंत केले आहे, आणि आपणही तेच करावे.

एक वर्तुळ विशेष जपण्यासारखे आहे. घातक-त्रुटी फंक्शन शेवटी अबॉर्ट बोलावते. अबॉर्ट सिगअबॉर्ट उठवते. त्या सिग्नलला कोणीतरी हँडलर लावलेला असतो आणि तो हँडलर अहवालासाठी घातक-त्रुटी फंक्शनलाच बोलावतो. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतील तर हे वाचून लक्षात येत नाही. अबॉर्टपूर्वी सिगअबॉर्टची कृती मूळ स्थितीवर आणली की वर्तुळ तुटते. हँडलरमध्ये असर्ट (अट खोटी ठरल्यास अबॉर्ट बोलावणारी तपासणी) वापरणे हेही याच वर्तुळाचे छोटे रूप आहे. साधे एक्झिटही टाळावे: ते एटएक्झिटला नोंदवलेली फंक्शन चालवते, आणि त्यांपैकी एखाद्याने पुन्हा एक्झिट बोलावले तर काय होईल याची हमी सीचे मानक देत नाही.

पायरी ७: प्रोसेसबाहेरचे रिकर्शनही मोजा

प्रोसेस मेली की कोणीतरी ती पुन्हा सुरू करते, आणि मरण्याचे कारण डिस्कवरील बिघडलेल्या फाइलमध्ये असेल तर ती पुन्हा मरते. लिनक्सवरील सेवा चालवणारी सिस्टमडी याला गृहीतानेच मर्यादा घालते: १० सेकंदांत ५ वेळा सुरू झाल्यावर ती आणखी प्रयत्न करत नाही. स्वतःचा वॉचडॉग (प्रोसेसवर नजर ठेवून ती पुन्हा सुरू करणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांनी अशी मर्यादा विसरू नये.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टीचे दूरध्वनी जाळे सुमारे ९ तास ठप्प झाले, ते अशाच चक्रामुळे. एक स्विच रीसेट होऊन परत आला आणि त्याने शेजाऱ्यांना संदेश पाठवले. पाठोपाठ आलेला दुसरा संदेश हाताळताना शेजाऱ्याच्या नव्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे त्याचा डेटा बिघडला, म्हणून तोही रीसेट झाला, आणि परत येताच त्यानेही तसेच संदेश पाठवले. एकूण ११४ स्विच या चक्रात सापडले. मूळ चूक सी भाषेतील एका चुकीच्या जागच्या ‘ब्रेक’ विधानाची होती. ती पसरली मात्र स्वतःला सावरणाऱ्या यंत्रणेमार्फत.

पायरी ८: दुसरे अपयश मुद्दाम घडवून पाहा

त्रुटी हाताळणारा कोड रोजच्या वापरात चालतच नाही, त्यामुळे तो बरोबर असल्याचा पुरावा आपोआप मिळत नाही. वितरित प्रणालींतील बिघाडांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात, सर्वांत विनाशकारी बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाडांच्या मुळाशी अशा त्रुटींची चुकीची हाताळणी आढळली, ज्या सॉफ्टवेअरने स्वतःच उघडपणे कळवल्या होत्या आणि ज्या मुळात घातक नव्हत्या.

एसक्यूलाइट या डेटाबेसच्या चाचण्यांची पद्धत नवशिक्यांनाही उचलता येते. मॅलॉकच्या जागी स्वतःचे फंक्शन ठेवून पहिली मागणी फसवायची आणि पूर्ण चाचणी चालवायची, मग दुसरी फसवायची, मग तिसरी, आणि एकही मागणी न फसता चाचणी पार पडेपर्यंत हे चालू ठेवायचे. प्रत्येक फेरी दोन प्रकारे चालवावी: एकदा फक्त तीच मागणी फसवून आणि एकदा तेथून पुढच्या सगळ्या फसवून. आपल्या विषयासाठी दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा, कारण हाताळणी चालू असतानाची मागणी त्यातच फसते. एसक्यूलाइटचे चाचणीकार आधीच्या बिघाडातून सावरत असताना पुन्हा बिघाड घडवणाऱ्या संयुक्त चाचण्याही चालवतात.

लिनक्सवर डिस्क भरल्याचा देखावा करण्यासाठी अहवालाची फाइल म्हणून ‘/डेव्ह/फुल’ द्यावी. तेथे लिहिण्याचा प्रत्येक प्रयत्न जागा संपल्याच्या त्रुटीने परततो. पाइपचे वाचणारे टोक बंद करून पाहावे. एका चाचणीत हँडलरच्या आत मुद्दाम शून्य पॉइंटर वाचावा, दुसरीत हँडलरमधून घातक-त्रुटी फंक्शन बोलवावे, आणि तिसरीत अनेक थ्रेड एकाच क्षणी फसवावेत. प्रत्येक चाचणीत बाहेरच्या प्रोसेसने तीन गोष्टी तपासाव्यात: प्रोग्रॅम ठरलेल्या वेळेत संपला का, तो अपेक्षित सिग्नलने किंवा अपेक्षित निर्गम-क्रमांकाने संपला का, आणि अहवाल लिहिणे शक्य होते तेथे त्याच्या पहिल्या ओळीत पहिल्या त्रुटीचे कारण आहे की नंतरच्या एखाद्या त्रुटीचे.